"जरा नीट कर" म्हटल्याने साइट नीट होत नाही: एआयला दिसण्यातली चूक कशी सांगायची?



मागच्या व्हिडिओत आपण एआयकडून दुकानाची वेबसाइट बनवून घेतली. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हा: "ताई, साइट बनली, पण मोबाइलवर गंडलीये. दहा वेळा सांगितलं तरी एआय ऐकतच नाही."

खरं सांगू? तो ऐकतो. आपल्यालाच सांगता येत नाही. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, स्वतः हात पोळून घेतलेत म्हणून सांगतेय.

माझा किस्सा

आमचं दुकान घोरावाडी स्टेशनजवळ. तांदूळ, कडधान्यं, थोडा मसाला. मावळातला इंद्रायणी हा आमचा मुख्य माल. नवा तांदूळ आला तेव्हा मी ऑनलाइन ऑर्डरचं पान बनवलं. लॅपटॉपवर एकदम झकास दिसत होतं. लिंक व्हॉट्सॲपवर सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवली आणि वाट बघत बसले.

आठवडा गेला, ऑर्डर आल्या चार. मला वाटलं, भाव जास्त लावलाय की काय! पाच किलोमागे वीस रुपये कमीसुद्धा केले. मग एक दिवस चिंचवडच्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक काकू लोकलने दुकानात आल्या. म्हणाल्या, "अगं, तुझ्या त्या पानावर ऑर्डर द्यायची कुठे? बटणच नाही."

त्यांच्या फोनवर बघितलं. खाली तरंगणारं हिरवं व्हॉट्सॲपचं बटण बरोबर "ऑर्डर द्या"च्या डोक्यावर बसलेलं! वर "इंद्रायणी" हे नाव सुटं सुटं झालेलं, अक्षरांवरची रेघ तुटलेली. भाव कमी करून मी उगाच माझंच नुकसान केलं. चूक दिसण्यातली होती.

घरी येऊन एआयला लिहिलं, "मोबाइलवर नीट दिसत नाही, जरा चांगलं कर." त्याने रंग बदलला. मी लिहिलं, "अजून नीट कर." त्याने फोटो मोठा केला. तीन संध्याकाळी यात गेल्या, फुकट वापराची मर्यादा रोज संपायची. शेवटी चांगला चाललेला दरतक्ताही बिघडला, बटण मात्र तिथेच.

असं का होतं?

कारण तुम्ही स्क्रीन बघत असता आणि एआय कोड वाचत असतो. तुम्ही फोटो दिला नाही, तर तुमच्या फोनवर काय दिसतंय हे त्याला माहीतच नसतं. "नीट" म्हणजे काय, हे तो अंदाजाने ठरवतो.

टेलरकडे गेल्यावर आपण "ब्लाउज नीट बसत नाही" एवढंच म्हणून परत येतो का? नाही. "डाव्या खांद्याला अर्धा इंच सैल आहे, बाहीला हात लावू नका" असं सांगतो. इथेही तसंच सांगायचंय.

"वाइब कोडिंग" हा शब्द तुम्ही ऐकला असेल. आंद्रेई कार्पाथी या नावाजलेल्या एआय संशोधकाने तो फेब्रुवारी २०२५ मध्ये वापरला आणि जगभर पसरला. त्याने उदाहरण काय दिलं होतं माहितीये? आळसामुळे मी एआयला अगदी साध्या गोष्टी सांगतो, जसं की बाजूच्या पट्टीतली मोकळी जागा निम्मी कर. आता नीट बघा: कुठे? बाजूच्या पट्टीत. काय? मोकळी जागा. किती? निम्मी. आळसात सांगितलेल्या वाक्यातसुद्धा तिन्ही गोष्टी आहेत!

चार गोष्टी सांगा

मी यात चौथी जोडली आहे. वहीत लिहून घ्या.

१. कुठे: कोणतं पान, कोणता फोन, पानाचा कोणता भाग.
२. आत्ता काय दिसतंय: मत नको, जे डोळ्यांना दिसतं तेच.
३. काय हवंय: शक्यतो आकड्यात.
४. कशाला हात लावायचा नाही.

असं नको: "बटण बरोबर नाही, प्रोफेशनल कर."

असं लिहा: "तांदळाच्या पानावर, ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर, व्हॉट्सॲपचं गोल बटण 'ऑर्डर द्या' बटणाच्या उजव्या अर्ध्या भागावर येतंय. व्हॉट्सॲपचं बटण वर घे. दोन्हींमध्ये किमान १६ पिक्सेल अंतर हवं. रंग, दरतक्ता आणि लॅपटॉपवरची मांडणी बदलू नकोस."

चौथी गोष्ट सगळे विसरतात आणि त्यानेच चालू दुकान बिघडतं.

फोटो द्या, पण फोटोवर विसंबू नका

क्लॉड, चॅटजीपीटी, जेमिनी, कर्सर, सगळ्यांना आता स्क्रीनशॉट देता येतो. विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं एकत्र दाबा, हवा तेवढाच भाग कापून घ्या. चुकीभोवती लाल गोल काढा. दोन चुका असतील तर १ आणि २ असे आकडे टाका आणि मजकुरातही तेच आकडे वापरा.

पण फोटोवरून एआयला मोजमाप अचूक कळेलच असं नाही. ८ पिक्सेल आणि १२ पिक्सेलमधला फरक त्याच्या नजरेतून निसटू शकतो. म्हणून आकडा आपण द्यायचा. क्रोममध्ये साइट उघडा, एफ १२ दाबा, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एम. पान मोबाइलच्या आकारात दिसेल. वर रुंदी ३६० टाका. चुकीच्या भागावर राइट क्लिक करून "इन्स्पेक्ट" केलं की त्या भागाचं कोडमधलं नाव दिसतं, त्यावर माउस नेला की मापही दिसतं. तेच नाव एआयला द्या. मग "ते वरचं बटण", "कुठलं वरचं?" हा घोळ होत नाही.

आणि एक काळजी घ्याच. ऑर्डरच्या यादीचा स्क्रीनशॉट देताना गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर, पत्ते झाका. ती माहिती आपल्याकडे विश्वासाने आलेली असते.

मराठी साइटच्या खास चुका

एआयने शिकलेली बरीचशी डिझाइन्स इंग्रजी आहेत. त्यामुळे मराठीत काही ठरावीक गोष्टी बिघडतात.

तुटलेली शिरोरेषा: इंग्रजी मथळा देखणा दिसावा म्हणून अक्षरांमध्ये अंतर टाकतात. त्याला लेटर-स्पेसिंग म्हणतात. इंग्रजी अक्षरं सुटीच असतात, तिथे चालतं. आपली अक्षरं रेघेने जोडलेली. अंतर टाकलं की रेघ तुटते. माझ्या "इंद्रायणी"चं हेच झालं होतं. सांगा: "मराठी मजकुराला लेटर-स्पेसिंग शून्य ठेव."

कापलेल्या मात्रा: ओळीची उंची कमी असली की वरचे रफार, वेलांट्या आणि खालचे उकार शेजारच्या ओळीला भिडतात, कधी कापलेही जातात. सांगा: "मराठी मजकुराची लाइन-हाइट १.६ ठेव." मथळ्याला थोडी कमी चालेल, पण वाचून बघा.

फॉन्ट: निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर स्वतःच दुसरा फॉन्ट लावतो आणि मराठी-इंग्रजी विजोड दिसतं. मुंबईच्या "एक टाइप"ने केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत, दोन्हींत देवनागरी आहे. फॉन्टचं नाव घेऊन सांगा.

मराठी ल आणि श: आपले ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे लिहितात. राज्य सरकारने शासन निर्णयाने आपली वळणं ठरवून दिली आहेत. पानाची भाषा "मराठी" अशी नोंदवायला सांगा. फॉन्टमध्ये सोय असेल तर अक्षरं आपल्या वळणाची येतात.

रक्कम: १००,००० असं आलं तर "भारतीय पद्धतीने १,००,००० असं दाखव" हे स्पष्ट सांगा.

आणि बटणाचा आकार. बोटाने नीट दाबता यावं म्हणून ॲपल किमान ४४ आणि गूगल किमान ४८ एककांची शिफारस करतं. आपण ४८ पिक्सेल धरून चालू. आपल्या गिऱ्हाइकांत काका-काकू पण आहेत.

काम करायची शिस्त

एका वेळी एकच चूक सांगा. ती सुधारली की आधी त्या अवस्थेची प्रत जपून ठेवा, म्हणजे पुढे बिघडलं तर मागे जाता येईल. गिट येत असेल तर उत्तम, नाहीतर फोल्डरची तारीख टाकून कॉपी.

तीच चूक दोनदा सांगूनही राहिली तर तिसऱ्यांदा तेच लिहू नका. म्हणा, "आत्ता कोड बदलू नकोस. असं का होतंय त्याची शक्य कारणं आधी सांग." कारण वाचून बरेचदा आपल्यालाच कळतं की तो भलत्याच बटणाबद्दल बोलतोय.

आता अशी साधनंही आलीत की एआय स्वतः ब्राउझर उघडून पानाचा फोटो काढून बघतो. मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट त्यासाठी वापरतात. जरूर वापरा. पण चिंचवडच्या काकूंनी फोनवर अक्षरं मोठी करून ठेवलीत, हे त्याला कोण सांगणार? म्हणून शेवटची तपासणी खऱ्या फोनवरच. एक तुमचा, एक घरातला जुना आणि एक मोठी अक्षरं लावलेला.

चार गोष्टींच्या पद्धतीने लिहिल्यावर माझं बटण पहिल्याच फेरीत जागेवर आलं. शिरोरेषेला दोन फेऱ्या लागल्या. काकूंना लिंक परत पाठवली, त्यांची दहा किलोची ऑर्डर आली. भाव मात्र त्या हंगामात परत वाढवता आला नाही, एकदा कमी केलेला भाव गिऱ्हाईक विसरत नाही!

आजचा गृहपाठ

आपली साइट घरातल्या एका मोठ्या माणसाच्या हातात द्या आणि फक्त म्हणा, "एक ऑर्डर देऊन दाखवा." मदत करू नका. जिथे बोट थांबेल तिथला स्क्रीनशॉट घ्या आणि चार ओळी लिहा: कुठे, काय दिसतंय, काय हवंय, कशाला हात लावायचा नाही. मगच एआयकडे जा.

तुमच्या चार ओळी मला पाठवा. त्यातल्या काही घेऊन पुढच्या व्हिडिओत आपण एकत्र दुरुस्त करू. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या!