गावाचा उत्सव, घरोघरचा वाटा

उत्सव म्हटला की वर्गणी द्यायची आणि खुर्चीवर बसून कार्यक्रम पाहायचा, एवढाच आपला सहभाग उरला आहे. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील सलूड-डुंग्रा या जुळ्या गावांत मात्र तसे नाही. दरवर्षी एप्रिलअखेर तेथे ग्रामदैवत भूमियाल देवतेचा ‘रम्माण’ होतो. कुणी ढोल वाजवतो, कुणी मुखवटा चढवून नाचतो. खर्च गावकरीच उचलतात. नंतर देवता वर्षभर एका कुटुंबाकडे मुक्कामाला असते आणि त्या घराला कडक दिनक्रम पाळावा लागतो. २००९ साली युनेस्कोने रम्माणला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पण पोटापाण्यासाठी तरुण डोंगर उतरून गेले, तर ढोल कोण वाजवणार? यादीतले नाव गावातल्या हातांची जागा घेऊ शकत नाही. यंदा आपल्या गल्लीच्या उत्सवात वर्गणीबरोबर एखादे कामही मागून घ्यायला काय हरकत आहे?