पंचविसावं मूल

डिसेंबरातली रविवारची सकाळ. कासारसाई धरणाच्या पाण्यावरचं धुकं आत्ता कुठं विरायला लागलंय आणि मी मुलं मोजतेय. तेवीस. पुन्हा मोजते, तेवीसच. पाण्याजवळ मुलं आणली की जीव थाऱ्यावर राहत नाही. नाताळ तोंडावर आलाय म्हणून चिंचवडहून आमच्या मंडळीची अख्खी शब्बाथ शाळा आज इथं उघड्यावर भरली आहे. बाभळीच्या विरळ सावलीत तीन चटया, एक पेटी, एक ढोलकी, आणि माझ्या ताब्यात करंज्यांचे दोन डबे. करंज्या मोजून आणल्यात, मुलांना दोन-दोन आणि मोठ्यांना एक.

रस्त्यावरून उसाची बैलगाडी चाललीय. संत तुकाराम साखर कारखाना इथला, कासारसाई-दारुंब्र्याचाच, आणि गळिताचा हंगाम सुरू आहे. चढाला बैल थबकतात. जिथं जू टेकतं तिथले केस झडून कातडं काळं, जाड झालंय. गाडीवान खाली उतरतो, चाकाला दगड लावतो आणि दोघांच्याही मानेवरून हात फिरवतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी याच खांद्यांना हळद-तूप चोळतात, त्याला खांदेमळणी म्हणतात.

पाळकसाहेबही त्या गाडीकडंच बघतायत. हातातलं पुस्तक मिटून ते मुलांना म्हणतात, "ते जू बघा." मग मत्तयाचा अकरावा अध्याय सांगायला लागतात. थकलेल्यांना, ओझं वाहणाऱ्यांना येशू जवळ बोलावतो, विसावा देतो म्हणतो, आणि पाठोपाठ स्वतःचं जू घ्यायला सांगतो, ते हलकं आहे म्हणतो. सुताराच्या घरात वाढलेला माणूस तो. बैलाचा खांदा बघून जू तासायचं असतं, हे त्याला ठाऊक असणारच. आणि या बोलावण्याच्या दोन-चार ओळी आधीच तो पित्याचे आभार मानतो, कारण शहाण्यासुरत्यांना जे कळलं नाही ते लहानग्यांना कळलं.

मी हा पाठ अठरा वर्षं शिकवतेय. लेकरं आणि विसावा एकाच दमात आलेत, हे मला पाठ आहे. पाठ आहे, एवढंच.

पुन्हा मोजते. पंचवीस.

कमी भरली असती तर धावले असते. जास्त भरल्यावर काय करायचं ते सुचत नाही. मधल्या चटईवर सात-आठ वर्षांची एक मुलगी बसलीय, मांडीवर दीड वर्षाचा भाऊ. पलीकडच्या रानात ऊसतोडीच्या टोळीच्या कोप्या आहेत, तिथली असावी. आईबाप मिळून एक कोयता धरतात तिकडं. ते अंधारातच फडात गेले असणार आणि भाऊ हिच्या हवाली. तिच्या पिंढऱ्यांवर पाचटानं ओढलेले बारीक पांढरे ओरखडे आहेत, काही आजचे, लाल. बसू का, असं तिनं कुणालाच विचारलेलं नाही. दोन मुलांच्या मधे जेवढी फट होती तेवढ्यात ती शिरली, आणि ती दोघं बोलता बोलता सरकली.

माझ्या मनात पहिल्यांदा येतात त्या करंज्या. चार कमी पडणार.

लेकरांना येशूपाशी आणत होते तेव्हा शिष्यांनी आणणाऱ्यांना दटावलं, तेही असंच काहीतरी मोजत असणार. मार्क सांगतो की येशू शिष्यांवर रागावला. आणि लेकरांना त्यानं कवेत घेतलं, हे तर एकट्या मार्कनंच लिहून ठेवलंय. मत्तयात लेकरांवर हात ठेवण्यापाशी गोष्ट थांबते, लूकमध्ये तेही नाही.

ढोलकी वाजायला लागते. भजन रेव्हरंड टिळकांचं. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं वाटायचं. ज्या तुकोबांनी देवाकडं लहानपण मागितलं, त्यांचं देहू इथून फार लांब नाही. 1917 साली टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला, दोघांनाही त्यात जागा होती. आज ही मुलगी आमच्या चटईवर बसून, शब्द ठाऊक नसताना, टाळ्यांचा ठेका अचूक धरतेय. या भजनात तिच्याइतकी मोकळी मी कित्येक वर्षांत झालेले नाही.

दुसऱ्या कडव्याला तिच्या टाळ्या अडतात, कारण मांडीवरचा भाऊ पेंगलाय. ती उठते, सरळ माझ्यासमोर येते.

"बाई, धरा ह्याला."

आणि तो माझ्या हातात येतो. उन्हाचा, धुराचा, उसाच्या रसाचा वास. चिकट मूठ माझ्या पदरात अडकते, डोकं खांद्यावर कलंडतं आणि एका श्वासात तो गाढ झोपतो. मी कोण, कुठली, त्याला काही देणंघेणं नाही. मला आता उठता येत नाही. मोजताही येत नाही, कारण मान वळवली की तो कुरकुरतो. मी चटईवर बसते. पाय पसरते. पाठीला बाभळीचं खोड लागतं.

डबे पाळकबाईंनी उघडलेत. त्यांनी काही मोजलेलं दिसत नाही, मुलं हातानं घेतायत आणि मोडून एकमेकांना देतायत. चार कमी होत्या, त्यांचं काय झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. पाण्यावर ऊन उतरलंय. खांद्यावरचा श्वास संथ चाललाय आणि हळूहळू माझाही त्याच्या मापात येतोय.

मुलगी परत येते. ओठांना खोबऱ्याचं सारण लागलंय. भावाकडं बघते, मग माझ्या अडकलेल्या हातांकडं. हातातली अर्धी करंजी माझ्या तोंडापुढं धरते.

"आ करा," ती म्हणते.

मी आ करते.