टोपलीतला उपऱ्याचा वाटा

लेखमाला : ख्रिस्ती सणांच्या मुळाशी (लेखांक ६)

पवईतून बाहेर गेलेली सगळ्यात नावाजलेली टोपली आंब्यांची. एकोणिसाव्या शतकात पवईची इस्टेट फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याकडे होती. तिथे त्यांनी ऊस, नीळ, कापूस, रेशमासाठी तुती असं बरंच काही लावून पाहिलं. 1838 साली त्यांनी इथले आंबे थेट व्हिक्टोरिया राणीला पाठवले. सुएझचा कालवा व्हायला अजून तीस वर्षं होती, तेव्हा त्यातले किती आंबे राणीच्या टेबलापर्यंत धड पोचले असतील कोण जाणे. पण ज्याच्या छत्राखाली आपलं बरं चाललंय असं वाटतं, त्याच्या दारी पहिलं फळ नेऊन ठेवायचं, ही रीत फ्रामजींच्याही कितीतरी आधीची. कोणी ते पाटलाच्या वाड्यावर नेलं, कोणी राजाकडे, कोणी देवाकडे.

आजचा लेख देवाकडे नेलेल्या टोपलीचा आहे. ही टोपली वेदीसमोर ठेवली की काम संपलं असं ख्रिस्ती शास्त्र मानत नाही. काम खरं तर तिथून पुढे सुरू होतं.

बायबलच्या जुन्या करारात ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक आहे. त्याच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या उपजाचा सगळा विधी सांगितला आहे. शेतकऱ्याने नव्या पिकातलं पहिलं काढायचं, टोपलीत घालायचं आणि याजकाकडे न्यायचं. याजक टोपली घेऊन वेदीपुढे ठेवतो. मग शेतकऱ्याने मोठ्याने काही बोलायचं असतं. आपली अपेक्षा असते की तो पावसाचे, मातीचे, बैलांचे आभार मानेल. तो मात्र स्वतःच्या घराण्याची हलाखी सांगू लागतो. माझा पूर्वज भटका होता, मूठभर माणसं घेऊन मिसर देशात पोट भरायला गेला, तिथे आम्हांला गुलाम केलं, आम्ही रडलो, देवाने ऐकलं आणि इथे आणून बसवलं, म्हणून हे फळ आणलंय. पीक हातात आलेल्या दिवशी, चारचौघांत, आपण कधीकाळी कोणाच्या तरी दारात उपाशी उभे होतो हे कबूल करायचं. हा विधी ज्याने बसवला त्याला माणसाची नस बरोबर सापडली होती.

पुढचा नियम या आठवणीतूनच निघतो. मिळालेल्या सुखाचा उत्सव करायचा, पण घरातल्या घरात नाही. ज्यांना जमिनीचा वाटा मिळाला नाही ते लेवी आणि गावात राहणारा उपरी, यांना घेऊन करायचा. शिवाय दर तिसऱ्या वर्षी पिकाचा दहावा हिस्सा गावातच ठेवून लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खायला घालायचं, आणि नंतर देवासमोर उभं राहून सांगायचं की तो वाटा मी घराबाहेर काढला आहे, मागे काही ठेवलेलं नाही. हे जवळजवळ प्रतिज्ञापत्रच झालं. उपकार मानले की नाही हे देव शेतकऱ्याच्या ओठांवरून ठरवत नाही, कणगीत किती उरलं तिकडे पाहतो.

जुन्या करारातल्याच ‘लेवीय’ पुस्तकात आणखी बारीक नियम आहे. शेत कापताना बांधाच्या कडेचं पीक उभंच ठेवायचं आणि खाली पडलेली कणसं उचलायची नाहीत. तो सरवा गरिबाचा आणि उपऱ्याचा. रूथची गोष्ट याच नियमावर उभी आहे. मवाब देशाची ही विधवा सासूबरोबर बेथलेहेमात येते ती जवाच्या कापणीच्या दिवसांत, आणि बवाज नावाच्या माणसाच्या शेतात सरवा वेचू लागते. बवाज गड्यांना बाजूला घेऊन सांगतो की पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम खाली टाकत चला, तिला वेचू द्या, कोणी बोलू नका. कायद्याने दिलेला वाटा आणि माणसाने होऊन वाढवलेला वाटा, यांतला फरक या एका कृतीत दिसतो. देणारा नजरेआड राहतो आणि घेणारीला हात पसरावा लागत नाही. ही परदेशी बाई पुढे दावीद राजाची पणजी झाली.

आपल्याकडे हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. खळ्यावरून कोणी रिकाम्या हाताने जाऊ नये, हा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा जुना दंडक. नवान्नाच्या दिवशी कोकणात भाताच्या लोंब्या दारावर बांधतात. घरात नवं काही आलं की आधी शेजारी वानवळा जातो. उत्तर कोकणातले शेतकरी, कोळी, आगरी सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांनी शेत सोडलं नाही आणि शेताचा सणही सोडला नाही. तो त्यांनी देवळात आणला. चर्चला ‘देऊळ’ म्हणणारी ही माणसं 1887 साली, राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवू लागली. ब्रिटिश सरकारच्या नोकऱ्यांत गोवेकर आणि मंगळूरकरांहून आपण वेगळे, इथले मूळचे, हे ठसवण्यासाठी ते नाव घेतलं. म्हणजे नावातसुद्धा ‘मूळचा कोण आणि उपरा कोण’ हा प्रश्न दडलेला आहेच.

त्यांचा सुगीचा सण म्हणजे आगेरा. साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, हळवा भात पिकून पिवळा होतो त्या सुमाराला, तो साजरा होतो. लोंब्यांच्या पेंढ्या, काकड्या, पडवळ, दुधी, भोपळे घेऊन मिरवणूक निघते. बायका चौकड्याचं लुगडं नेसतात, पुढे बँड वाजतो, कुठे सजवलेली बैलगाडी असते. फादर पेंढ्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, मिस्सा होते आणि मग घरटी एकेक लोंबी वाटली जाते. ती घरातल्या आल्तारापाशी ठेवतात. तिचे चार दाणे तांदळाच्या डब्यातही टाकतात, वर्षभर डबा रिता होऊ नये म्हणून. गोव्यात हाच सण कोणशांचं फेस्त म्हणून ऑगस्टमध्येच येतो. रायच्या देवळात 5 ऑगस्टला, ताळगावात 21 ऑगस्टला. मंगळूरकर तो 8 सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिवशी, कुटुंबाने एकत्र नव्याचं जेवण करून पाळतात. मुंबईच्या एकाच चर्चमध्ये हे तिघेही शेजारी बसतात, त्यामुळे ‘आमच्यात असं करतात’ यावरून गोड कुरबुरी चालू असतात.

पवईत आता भातशेती म्हणावी असं काही उरलेलं नाही. 1860 मध्ये विहार तलाव झाला, 1891 मध्ये पवई तलाव. पवईच्या तलावाचं पाणी पिण्यालायक निघालं नाही, तरी तलाव राहिला. 1958 मध्ये स्थापन झालेली आयआयटी इथे आली, ऐंशीच्या दशकापासून टॉवर उभे राहू लागले. तिरंदाज, पासपोली, चांदिवली ही गावांची नावं पत्त्यात शिल्लक आहेत. होली ट्रिनिटी हे इथल्या जुन्या देवळाचं नाव. ते पोर्तुगीज काळात जेझुइट धर्मगुरूंनी विहारच्या बाजूला वसवलेल्या ख्रिस्ती गावावरून चालत आलेलं आहे. ते गाव गेलं, पण नाव टिकलं. शेतं गेलेल्या मुंबईच्या गावठाणांत आगेऱ्याची लोंबी बाहेरून आणावी लागते. गोराई, उत्तन, वसईच्या पट्ट्यात अजून भात होतो, तिकडच्या नातेवाइकांकडे एखादी पेंढी सांगून ठेवायची.

यावर काही जण नाक मुरडतात. शेत नाही, नांगर नाही, विकतची किंवा मागून आणलेली लोंबी आशीर्वादित करून काय मिळवायचं? माझ्या मते लोंबी बाहेरून आणण्यात काही बिघडत नाही. सव्विसाव्या अध्यायातला शेतकरी तरी कुठे स्वतः मिसरातून बाहेर पडला होता? तो पूर्वजांची आठवण स्वतःच्या तोंडाने बोलत होता. आयटी कंपनीत काम करणाऱ्या नातवाने आजोबांच्या खाचराची लोंबी हातात धरली, तर तोही तेच करतो. बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. अलीकडे आगेऱ्याला संस्कृती दर्शनाचं रूप येत चाललं आहे. लुगडं, दागिने, फुगियास, विंदालू, बाटली मसाल्याचे स्टॉल, फोटो. हे सगळं मला आवडतं, फुगियास तर फार. पण त्या टोपलीतला उपऱ्याचा वाटा कुठे गेला, हे विचारावंसं वाटतं.

नगर जिल्ह्यातल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांनी याचं एक रोखठोक उत्तर शोधलेलं आहे. तिथे सुगीच्या सणाला उपासना संपली की लिलाव होतो. वेदीपाशी बाजरी, ज्वारी, भोपळे, अंड्यांची पाटी, पाय बांधलेली एखादी कोंबडी असा ढीग लागलेला असतो. पंचांपैकी एक जण भोपळा उचलून बोली सुरू करतो. बाजारात पन्नास रुपयांना मिळेल तो भोपळा पाचशेला जातो. घेणारा तो घरी नेत नाही, परत वेदीवर ठेवतो आणि म्हणतो, पुन्हा बोला. भोपळा पुन्हा विकला जातो. कोंबडी मध्येच फडफडते, पोरं हसतात, एखादी म्हातारी हट्टाने स्वतःच आणलेली अंडी विकत घेते. जमलेला पैसा मंडळीच्या खर्चाला आणि अडल्यानडल्याला जातो. परक्या माणसाला हा गोंधळ वाटेल, पण त्या गोंधळात एक भोपळा तीनतीनदा देवाला दिला जातो.

ज्याच्याकडे भोपळाही नाही त्याचं काय? मिझोरममध्ये 1910 साली प्रेस्बिटेरियन बायकांनी एक पद्धत सुरू केली. रोजचा भात शिजवायला घेताना त्यातला मूठभर तांदूळ बाजूच्या भांड्यात काढायचा. साठलेला तांदूळ चर्चकडे द्यायचा, तो विकून त्या पैशातून सेवाकार्य चालवायचं. शंभरहून अधिक वर्षं ती मूठ चालू आहे. या पद्धतीची खुबी अशी की दान शिल्लक राहिलेल्यातून जात नाही. चुलीवर आधण ठेवायच्या आधीच ते निघालेलं असतं.

आणि सव्विसाव्या अध्यायातली आठवण जिने आयुष्यभर जगून दाखवली, ती आपल्याच मातीतली. पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि मोठी बहीण दुष्काळी दिवसांत, त्या तरुण असतानाच, गेले. भाऊ आणि त्या अनवाणी देशभर फिरल्या. पुढे रमाबाई विदुषी झाल्या, इंग्लंड-अमेरिका पाहून आल्या, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा नावाजलेल्या संस्थाचालिकेला साजेसं काही करायचं तर वर्गणी पाठवता आली असती. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन अशा शेकडो जणींनी भरलं. आपल्याला अन्न मिळालं, हे उपकार त्यांनी दुसऱ्याच्या ताटात फेडले. रमाबाईंचं शिक्षण, त्यांचं धर्मांतर, त्यावरचे वाद यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यांच्या मदतीमागे त्यांची स्वतःची भूक होती, हे मात्र पुरेसं बोललं जात नाही.

पवईकराला शेत नाही, त्याला महिन्याच्या अखेरीला पगार येतो. मग त्याचा पहिला उपज कोणता? संत पौलाने करिंथच्या मंडळीला जे लिहिलं, ते शहरी माणसाला सोयीचं आहे. यरुशलेमच्या गरिबांसाठी त्याला वर्गणी हवी होती. त्याने सांगितलं, मी येईपर्यंत थांबू नका. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावं. करिंथ हे व्यापारी बंदर होतं, तिथल्या लोकांकडे पेंढ्या नव्हत्या. दुसऱ्या शतकातल्या संत जस्टिनने रोमच्या ख्रिस्ती लोकांच्या रविवारचं वर्णन केलं आहे. त्यातही उपासनेनंतर ऐपतीप्रमाणे जमा झालेलं दान प्रमुखाकडे ठेवत आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेल्यांची सोय पाहत, असं येतं. म्हणजे टोपलीच्या जागी पेटी आली तरी यादी तीच राहिली, आणि त्या यादीत उपरी होताच.

पवईतला उपरी शोधायला लांब जावं लागत नाही. टॉवरच्या पायाशी झोपडपट्टी आहे. बांधकामावर बंगाल-बिहारची माणसं आहेत, फाटकावर उत्तर प्रदेशचा वॉचमन आहे. झारखंड-छत्तीसगडच्या आदिवासी मुली घरकामाला मुंबईत येतात. त्यांच्यातल्या कितीतरी ख्रिस्ती असतात आणि रविवारी मिस्सेला मागच्या बाकांवर बसतात. त्यांच्या गावीही नव्या धानाचा सण असतो. त्या दिवशी त्या दुसऱ्याच्या घरात भांडी घासत असतात. आगेऱ्याच्या जेवणाचं ताट त्यांच्यासमोर येतं का? की त्या ते वाढायला असतात? आणि या शहरात तीन पिढ्यांमागे ट्रंक घेऊन उतरलेले गोवेकर, मंगळूरकर, मल्याळी, घाटावरचे आपण सगळे, आपापल्या पूर्वजाचं भटकणं तोंडाने सांगायला तयार आहोत का?

जवळच्या पॅरिशमध्ये यंदा आगेरा असेल, तर माझी एक विनंती आहे. स्टॉलच्या यादीसोबत कमिटीने आणखी एक यादी करावी : आपल्या हद्दीत या वर्षात नव्याने राहायला आलेली, इथे नातेवाईक नसलेली माणसं. त्यांना फुकटचं कूपन पाठवून मोकळं होऊ नका, घरोघर वाटून जेवायला बोलवा. आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांनीही मिरवणूक पाहायला जरूर जावं. कुर्ला, मरोळ, मनोरी, गोराई, जे जवळ असेल तिथे.

पुढच्या लेखांकात दशमांश. दहावा हिस्सा हातात येणाऱ्या पगाराचा धरायचा की कर कापण्याआधीच्या, हा प्रश्न बऱ्याच वाचकांनी विचारला आहे.