विद्यापीठीय ऐतिहासिक वास्तूंचे नूतनीकरण

विद्यापीठांच्या जुन्या व जीर्ण होऊ लागलेल्या इमारती न पाडता, त्यांचे ऐतिहासिक व कलात्मक वैशिष्ट्य राखून आणि ऊर्जा, पाणी व बांधकामद्रव्ये यांचा व्यय शक्य तितका मर्यादित ठेवून, त्या वर्तमान शैक्षणिक गरजांना अनुरूप करण्याची प्रक्रिया. अशा वास्तू स्मारकांप्रमाणे केवळ पाहण्यासाठी नसतात. तेथे अध्यापन, वाचन, परीक्षा इ. व्यवहार चालू असतात. त्यामुळे जतन व वापर या दोहोंचा मेळ घालणे, हा नूतनीकरणातील मुख्य प्रश्न ठरतो.

जुन्या इमारतीत दगड फोडणे, विटा भाजणे, चुना तयार करणे व वाहतूक यांसाठी लागलेली ऊर्जा पूर्वीच खर्ची पडलेली असते. इमारत पाडल्यास ती व्यर्थ जाते. शिवाय नव्या बांधकामासाठी लागणाऱ्या सिमेंट व पोलाद यांच्या उत्पादनातून कार्बन डाय-ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. नवी इमारत वापरास कमी ऊर्जा घेणारी असली, तरी ही तूट भरून निघण्यास बराच काळ जावा लागतो.

जुन्या वास्तूंत हवामानाशी जुळवून घेण्याची योजना बहुधा मूळ रचनेतच असते. जाड भिंती दिवसाची उष्णता सावकाश शोषतात. उंच छतामुळे तापलेली हवा वर राहते. सज्जे व पडव्या ऊन-पावसापासून भिंतींचे रक्षण करतात. चुन्याच्या सांध्यांतून व गिलाव्यातून भिंतीतील ओलावा बाष्परूपाने बाहेर पडतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास ओलावा कोंडतो, त्याबरोबर आलेल्या क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात व दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. मजबुतीसाठी केलेली दुरुस्तीच अशा प्रकारे ऱ्हासाचे कारण ठरते.

मुंबई विद्यापीठाच्या (स्थापना १८५७) फोर्ट भागातील वास्तू या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. दीक्षान्त सभागृह (१८७४) आणि राजाबाई मनोऱ्यासह ग्रंथालय (१८७८) यांचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने मुंबईस न येता तयार केले. ग्रंथालय व मनोरा यांसाठी प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली, सु. ८५ मी. उंचीच्या या मनोऱ्यास त्यांच्या मातोश्रींचे नाव आहे. शैली यूरोपीय गॉथिक असली, तरी कमानयुक्त सज्जे व उघडे चक्राकार जिने येथील दमट हवेस मानवणारे आहेत. बॅक बे भागातील भराव होण्यापूर्वी ओव्हल मैदानापलीकडे समुद्र होता. असे सज्जे काचा लावून बंद केले, तर जागा वाढते. परंतु वायुवीजन खुंटून वातानुकूलनाची गरज निर्माण होते. १९९५ च्या नियमावलीने मुंबईतील वारसा-वास्तूंना कायदेशीर संरक्षण मिळाले. ग्रंथालय व मनोरा यांच्या जतनाचे काम २०१५ मध्ये पूर्ण झाले. २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसा सूचीत समावेश झाला व त्यात या वास्तूही आल्या.

थंड प्रदेशांत प्रश्नाचे स्वरूप वेगळे असते. तेथे तापविण्याचा खर्च कमी करण्यासाठी भिंतींच्या आतून उष्णतारोधक थर दिल्यास मूळ भिंत अधिक थंड राहते. तीत बाष्पाचे पाणी होऊन तुळयांची टोके कुजण्याचा धोका असतो. केंब्रिज येथील ट्रिनिटी कॉलेजच्या न्यू कोर्ट (१८२३–२५) या निवासी वास्तूच्या नूतनीकरणात म्हणून बाष्प जाऊ देणारे लाकडी तंतूंचे थर वापरण्यात आले आणि भिंतींतील ओलाव्याचे उपकरणांनी मापन करण्याची व्यवस्था ठेवण्यात आली.

नूतनीकरणाच्या काळातच वास्तूस मोठा धोका संभवतो. चार्ल्स रेनी मॅकिंटॉशच्या ग्लासगो कलाविद्यालयाची इमारत (१८९७–१९०९) २०१४ मधील आगीत अंशतः जळाली व तिची पुनर्बांधणी चालू असताना २०१८ मध्ये लागलेल्या दुसऱ्या आगीत बहुतांशी नष्ट झाली. लाकडी छते व ग्रंथसंग्रह असलेल्या वास्तूंत वीजतारा बदलणे व अग्निशामक व्यवस्था करणे, ही कामे म्हणूनच शोभेच्या कामांआधी हाती घेणे इष्ट ठरते. अपंगांसाठी उतरते मार्ग व उद्‌वाहने यांची सोय करताना, ती पुढे मूळ बांधकामास इजा न करता काढता येतील, असे पाहिले जाते.

कामाच्या आरंभी वास्तूची मोजमापे, छायाचित्रे व पूर्वीच्या दुरुस्त्यांची नोंद करून हानीचे मूळ शोधतात. आवश्यक तेवढाच बदल करावा, हे तत्त्व ऑस्ट्रेलियातील बरा सनदेत (१९७९) प्रतिपादिले आहे. चुन्याचे व कोरीव दगडाचे काम जाणणारे कारागीर मिळणे आता अवघड झाले असून जतनाचा खर्चही मोठा असतो. मात्र पन्हळी साफ करणे, कौले बदलणे, भिंतीत रुजलेली रोपे काढणे यांसारखी कामे दरवर्षी वेळेवर झाल्यास मोठ्या नूतनीकरणाची गरज पुष्कळ लांबते. संस्थेच्या अंदाजपत्रकात या किरकोळ कामांसाठी नियमित तरतूद असणे, यावर अशा वास्तूंचे आयुष्य बव्हंशी अवलंबून असते.