पहिलीचं पुस्तक बदललं. क-ख-ग कुठे गेलं?

पहिलीच्या पालकसभेत जुलैच्या आसपास एक प्रश्न हमखास येतो. ‘बाई, महिना होत आला, अजून क-ख-ग नाही?’ विचारणारे बहुधा आजोबा असतात. त्यांनी पाटीवर अक्षरं गिरवली, मुलाला गिरवायला लावली, आणि आता नातू शाळेतून येऊन गाणं म्हणतो, चित्रं दाखवतो. त्यांची काळजी खोटी नाही. तिला नीट उत्तर मिळत नाही, ही अडचण आहे.

महाराष्ट्रात 2025-26 पासून पहिलीला नवा अभ्यासक्रम आला. त्याच्या मुळाशी 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आहे आणि तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 2022 साली आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा. राज्याचा आराखडा त्यावरच बेतलेला. यातलं घरी पोचतं ते थोडं व्हॉट्सअ‍ॅपवरून, थोडं टीव्हीवरच्या भांडणातून आणि थोडं शेजारच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाच्या दप्तरातून. शिक्षकांच्या हाती येते ती प्रशिक्षणातली पीपीटी. गैरसमज मग दोन्हीकडे होतात.

‘मुळाक्षरं काढून टाकली’

काढलेली नाहीत, त्यांचा क्रम बदलला आहे. जुन्या क्रमाने क, ख, ग, घ ही चार अक्षरं शिकलेल्या मुलाला वाचायला काय मिळतं? जवळजवळ काहीच नाही. आता क, म, र, ल ही चार अक्षरं आणि एक काना घ्या. काका, मामा, काम, मका, माल, लाल, राम, कमल, करा. ‘काका, काम करा’ हे अख्खं वाक्य पहिल्या काही आठवड्यांत मुलाच्या हाती येतं, आणि वाचलं की काहीतरी कळतं हा अनुभवही. अक्षरगट म्हणतात तो हाच. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवर बसवलेला आहे आणि तो सुंदरच आहे. मुलं तो पुढे शिकतातही. पण वाचायला शिकण्यासाठी तो रचलेला नव्हता.

हे परदेशातून आलेलं खूळ आहे, असंही म्हटलं जातं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत मराठी मुलांच्या वाचन-लेखनावर दशकानुदशकं काम केलं. त्या जन्माने अमेरिकन, पण ही पद्धत घडली ती फलटणच्या मुलांसोबत. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये 2011 ते 2016 या काळात सुरुवातीच्या इयत्तांतल्या वाचन-लेखनाचा दीर्घ अभ्यास झाला. वर्गातला मोठा वेळ अक्षरं आणि बाराखडी गिरवण्यात जातो आणि अर्थ लावणं, मनातलं लिहिणं मागे पडतं, हे त्यात दिसलं.

आणि पूर्वी सगळं छान चाललं होतं, हेही तपासून पाहावं. ‘असर’ या देशव्यापी शैक्षणिक पाहणीत 2024 मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीच्या 23.4 टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. 2022 मध्ये, करोनाच्या बंद शाळांनंतर, हा आकडा 16.3 होता. सुधारणा आहे, पण शंभरातली सुमारे सत्याहत्तर मुलं तिसरीत गेली तरी दुसरीचं वाचत नाहीत. जुन्या पद्धतीत वाचायला शिकलेले आपण सगळे आज सभेत बोलतो आहोत. जे शिकले नाहीत ते सभेला येत नाहीत, आले तरी मागे बसतात.

‘आता अक्षरं शिकवायचीच नाहीत’

हा गैरसमज शिक्षकांचा, आणि माझ्या मते जास्त नुकसान करणारा. ‘घोकंपट्टी नको’ हे वाक्य प्रशिक्षणात इतक्या वेळा ऐकवलं गेलं, की काहींनी त्याचा अर्थ ‘मूल आपोआप शिकतं’ असा घेतला. बोलायला मूल आपोआप शिकतं, वाचायला नाही. 2022 च्या आराखड्यात भाषेच्या तासाचे चार भाग सांगितले आहेत: तोंडी भाषा, शब्द ओळखणं, वाचन आणि लेखन. चारही रोज. त्यातला दुसरा भाग म्हणजे अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणं, आणि ती नेमाने, क्रमाने, मुद्दाम शिकवायची आहे.

मराठीत तर ती शिकवल्याशिवाय गत्यंतरच नाही. ‘कि’ लिहा. डोळ्याला आधी वेलांटी दिसते, मग क. तोंडाने मात्र आधी क आणि मग इ. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतंच शिकलेलं मूल इथे अडखळणारच. किंवा र बघा. ‘क्रम’मध्ये तो पायाशी तिरपी रेघ होतो, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर रफार होऊन बसतो, ‘ट्रक’मध्ये खाली काकपदासारखा दिसतो, ‘दऱ्या’मध्ये आणखी वेगळा. गाणी म्हणून आणि चित्रं पाहून हे कोणालाही उलगडत नाही. ज्या वर्गात फक्त गाणी चालली आहेत, तिथे आजोबांचा प्रश्न रास्त आहे.

सुरुवातीचे आठवडे खेळाचे असतात, त्याची गोष्ट वेगळी. ‘विद्याप्रवेश’ हा बारा आठवड्यांचा पूर्वतयारीचा कार्यक्रम 2021 मध्ये आला. त्यात मुलं सूचना ऐकतात, गोष्ट क्रमाने सांगतात, ‘मामा’ आणि ‘मासा’ दोन्ही म-ने सुरू होतात हे कानाने ओळखतात. हे वाचनाचंच काम आहे, वहीत दिसत नाही एवढंच.

‘शुद्धलेखन संपलं’

पहिलीच्या मुलीने वहीत लिहिलंय असं समजा: ‘आइ बाजारत गेलि. तीने केळि आनली.’ जुन्या डोळ्यांनी पाहिलं तर दोन ओळींत सहा चुका. लाल पेन हातात घेण्याआधी जरा थांबून पाहू. या मुलीला ब, ज, र, त, ग, ल हे सगळे आवाज ऐकू येतात आणि लिहिता येतात. काना कळला आहे. ‘बाजारात’मधला तिसरा काना सुटला, कारण मोठा शब्द लिहिताना शेवटापर्यंत आवाज मनात धरून ठेवणं सहा वर्षांच्या मुलाला जड जातं. वेलांटी येते, पण पहिली की दुसरी हे कळत नाही, आणि ते तिला कानाने कळणारही नाही: शब्दाच्या शेवटी मराठीत आपण इ-ई वेगळी उच्चारतच नाही. शेवटचा इकार दीर्घ लिहायचा, हा लेखनाचा नियम आहे. तो नियम म्हणूनच सांगावा लागेल, आज नाही तर दिवाळीनंतर.

राहिला न-ण. घरात सगळे ‘आनली’ म्हणत असतील तर मुलीने जे ऐकलं तेच इमानाने लिहिलं. चांगली शिक्षिका या वहीतून उद्याचा धडा काढते: आधी ‘बाजारात’ टाळ्या वाजवत तोडून म्हणायचं. सहाही चुका एकदम लाल केल्या तर पुढच्या वेळी मुलगी फक्त ‘आई आली’ एवढंच लिहिते. त्यात चूक नसते आणि सांगण्यासारखंही काही नसतं. शुद्धलेखन हवंच. त्याची पाळी मूल स्वतःचं लिहू लागल्यानंतर येते, आणि दुसरी-तिसरीतही ती आली नाही तर पालकांनी जरूर विचारावं.

बाराखडीची ‘चौदाखडी’ झाल्याची तक्रार याच सभेत निघते. ‘बॅट’ आणि ‘बॉल’मधले ॲ आणि ऑ हे स्वर अधिकृत वर्णमालेत घेतले गेले म्हणून ती झाली. ते आवाज आपल्या तोंडात आधीपासूनच होते. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

‘घरची बोली बोललं की मूल मागे पडतं’

धोरण उलट सांगतं: किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिक्षण. पण महाराष्ट्रात ‘घरची भाषा मराठी’ असं लिहून मोकळं होता येत नाही. मेळघाटात मूल कोरकू बोलत येतं, नंदुरबारला भिली, भामरागडला माडिया. त्याच्यासाठी पहिलीचं पुस्तक जवळजवळ परभाषेतलं असतं. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाचं अंतर कमी, पण दर वाक्याला ‘असं नाही, असं म्हण’ ऐकलं की तेही गप्प बसतं. मुलाने कोरकूत गोष्ट सांगावी, बाईंनी तिच्यातले चार शब्द फळ्यावर देवनागरीत लिहावेत, शेजारी मराठी शब्द. यात मराठीचं काही जात नाही. वाचनातलं आकलन बोलण्यातल्या शब्दसंपत्तीवर उभं राहतं, मग ती कोणत्याही भाषेतली असो.

‘प्रशिक्षण झालं, शिक्षक तयार’

हा समज वरच्या कार्यालयांचा. प्रशिक्षण राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात, तालुक्यातून शाळांच्या केंद्रात उतरतं, आणि प्रत्येक पायरीवर थोडं सांडतं. शेवटी ते पोचतं द्विशिक्षकी शाळेतल्या त्या बाईंपर्यंत, ज्यांच्यासमोर पहिली आणि दुसरी एकत्र बसली आहे, शेजारच्या खोलीतले सर मतदार यादीच्या कामाला गेले आहेत आणि मोबाइलवर ‘आजच माहिती भरा’ असा निरोप आला आहे. या बाईंना आणखी एका पीपीटीचा उपयोग नाही. केंद्रप्रमुखांनी तपासणीची वही बाजूला ठेवून एक तास वर्गात मागे बसावं, मग दोघांनी मिळून पाच मुलांच्या वह्या पाहाव्यात, याने फरक पडतो. केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचण्याऐवजी मुलांचं लिखाण टेबलावर पसरलं तर आणखी पडतो.

शिवाय बदल टिकतो यावर शिक्षकांचा विश्वास बसायला हवा. 2023 मध्ये पुस्तकांतच वहीची कोरी पानं आली आणि जानेवारी 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. त्याच वर्षी पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय 16 एप्रिलला निघाला, 17 जूनला बदलला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. हिंदीच्या गुणदोषात इथे शिरत नाही. पण शाळा सुरू होण्याच्या ऐन तोंडावर पालक विचारतात आणि बाईंकडे उत्तर नसतं, तेव्हा त्यांचा शब्द हलका होतो. मग अक्षरगटाचं समर्थनही कोणी मनावर घेत नाही. 2019 साली दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आलं तेव्हा हेच घडलं. गणितज्ञ मंगला नारळीकर सांगत राहिल्या की जुनी संख्यानामं काढलेली नाहीत, हा सोपा पर्याय सोबत आहे. तोवर विनोद राज्यभर फिरले होते. खुलासा पुस्तकाच्या आधी जायला हवा होता.

‘मिनिटाला साठ शब्द म्हणजे वाचन आलं’

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीसाठी मिनिटाला किमान साठ शब्दांचं लक्ष्य ठेवलं आहे, दुसरीसाठी 45 ते 60, आणि तेही अर्थासह. शाळेत मात्र घड्याळ तेवढं लक्षात राहतं. मराठीत ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द मोजला जातो, तेव्हा दोन भाषांतले आकडे शेजारी ठेवून मुलांची तुलना करण्यात अर्थ नाही. उतारा वाचून झाल्यावर ‘मग काय झालं?’ एवढं विचारलं तरी घड्याळापेक्षा जास्त कळतं.

‘आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय करणार?’

हे मागे बसलेल्या आया म्हणतात, आणि सभा इथवर येईपर्यंत बहुधा संपलेली असते. 2022 पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या अभियानात गावोगाव माता गट झाले, ते नेमके यांच्यासाठी. भाकरी थापताना आजची गोष्ट विचारणं, अर्धी गोष्ट सांगून पुढचं मुलालाच सांगायला लावणं, हुमाणं घालणं, किराण्याची यादी मुलाकडून ‘लिहून’ घेणं, मग ती चित्रांत का असेना. याला अक्षरओळख लागत नाही. मुलाने पुस्तक समोर धरून वाचून दाखवलं तर बोट कुठे फिरतंय ते पाहावं. बोट एका ओळीवर आणि तोंड भलतीकडेच असेल, तर धडा पाठ झाला आहे, वाचन अजून आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी बाईंना एवढं सांगितलं तरी त्यांना हवी ती माहिती मिळते.