सुरतची संकर-४ आणि शिकवणारे हात

सुरतच्या अठवा भागातल्या कापूस संशोधन केंद्रातून १९७० मध्ये ‘संकर-४’ बाहेर पडली. व्यापारी लागवडीसाठी आलेला कापसाचा जगातला हा पहिला संकरित वाण. डॉ. सी. टी. पटेल यांनी तो ‘गुजरात-६७’ आणि ‘अमेरिकन नेक्टरीलेस’ यांच्या संकरातून घडवला. पुढे तो महाराष्ट्रातही पेरला गेला. शोधाचं श्रेय पटेलांचंच. पण वाण शेतात रुजला तो शिकवणाऱ्यांमुळे, असं मला ठामपणे वाटतं.

संकराची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली, तर तेच पीक येत नाही. बियाणं दरवर्षी नव्यानं, फुलाफुलानं करावं लागतं. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी संध्याकाळी हेरायची. अंगठ्याच्या नखानं पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी सोलायची, आतला स्त्रीकेसर दुखवायचा नाही. सकाळी नर म्हणून लावलेल्या झाडाचं फूल आणून त्याचे पराग स्त्रीकेसरावर फिरवायचे, देठाला दोरा बांधायचा. दोऱ्याचं बोंड तेवढं बियाण्यासाठी वेचायचं. नख खोल गेलं की बोंड गळतं, परागकोश मागे राहिला की भेसळ होते. हे पत्रक वाचून येत नाही. कपाशीच्या ओळीत शेजारी वाकून कुणीतरी दाखवावं लागतं, चुकलेली कळी हातात घेऊन पुन्हा सांगावं लागतं. जालन्याकडे याच कामाला ‘क्रॉसिंग’ म्हणतात. नाजूक बोटांचं निमित्त करून देशात अनेक ठिकाणी शाळकरी मुलींनाही त्याला जुंपलं गेलं. बियाण्याच्या यशाखाली ते झाकता येणार नाही.

असं शेजारी वाकणारं माणूस किती शेतकऱ्यांना मिळतं? २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून माहिती मिळवणारी शेतकरी कुटुंबं जेमतेम ६ टक्के निघाली. खत-औषधांच्या दुकानदाराला विचारणारी १३ टक्के होती. विकणाऱ्याचाच सल्ला घ्यावा लागतो, तेव्हा कमी फवारा असं सांगणार कोण?

२०१७ मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशी पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. गुलाबी बोंडअळी फुलात शिरली की पाकळ्या उमलतच नाहीत, त्यांची गुंडाळी होते. तीच डोमकळी. वेळीच ओळखून ती तोडून नष्ट केली, कामगंध सापळ्यातले पतंग नेमानं मोजले, तर फवारणी कधी टाळता येईल ते ठरवता येतं. त्यासाठी सरकारी विस्तार कर्मचाऱ्यानं पाते-फुलांच्या दिवसांत दर आठवड्याला शेतात यायला हवं. आज एकेकाकडे कित्येक गावं आहेत, शिवाय पंचनामे आणि अनुदानाचे अर्ज.