जहाजावरची हगवण

गेल्या गणपतीत आमच्या शेजारच्या गावचा एक दादा सुट्टीवर घरी आला होता. कल्याणला हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करून तो एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात नोकरीला लागला आहे. आमच्याकडे जेवायला बसण्यापूर्वी तो मोरीत हात धुवायला गेला, तो बराच वेळ बाहेरच येईना. साबण लावून बोटांच्या बेचक्या, नखे, मनगटे, सारे चोळून चोळून धूत होता. आजी म्हणाली, "अरे, ऑपरेशन करायला चाललास का मोदक खायला?" सगळे हसले. तोही हसला. पण मग पानावर बसल्यावर त्याने जहाजावरच्या पोटाच्या आजाराची जी हकिकत सांगितली, तिच्यामुळे या विषयाकडे माझे लक्ष गेले. पुढे मिळेल तेवढे वाचून काढले. त्यातले काही येथे मांडत आहे.

खर्डीच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध तसा कमीच. आपले पाणी मात्र लोकलच्याही आधी मुंबईला पोचते. तरीही २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईच्या बंदरातूनच गोवा, लक्षद्वीप अशा जहाजाच्या सफरी सुरू झाल्या, तेव्हा हे जग आता फार दूरचे राहिलेले नाही. मोठ्या प्रवासी जहाजावर तीन-चार हजार माणसे असतात. म्हणजे एक मोठे गावच पाण्यावर तरंगत असते. स्वयंपाकघर एक, पाण्याची व्यवस्था एक, जिन्याचे कठडे तेच, आणि कंटाळा आला म्हणून वेशीबाहेर पडावे तर चहूकडे समुद्र!

अशा ठिकाणी एकाचे पोट बिघडले की काय होते, याचा अनुभव मुंबईला फार जुना आहे. हज यात्रेकरूंची जहाजे मुंबईहून जेद्दाला जात. ही वाहतूक १९९५ पर्यंत चालू होती. १८६५ साली मक्केत पटकीची भयंकर साथ आली, हजारो यात्रेकरू दगावले आणि तेथून ती साथ युरोपात पोचली. तेव्हा कुठे राष्ट्रे जागी झाली आणि १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पुढे लाल समुद्रातील कामरान बेटावर यात्रेकरूंना उतरवून काही दिवस अडकवून ठेवीत. क्वारंटाइन या शब्दात मुळात चाळीस दिवसांचा हिशेब आहे, तो व्हेनिस बंदराचा. एक गंमत अशी की, जहाजावर पिवळे निशाण लागले की पूर्वी लोक आजाराच्या भीतीने दचकत. आज त्याच पिवळ्या निशाणाचा अर्थ 'आमच्या जहाजावर सर्व निरोगी आहेत, बंदरात येऊ द्या' असा होतो.

आजच्या जहाजांवर पटकीची भीती राहिलेली नाही. आजचा शत्रू म्हणजे नोरोव्हायरस नावाचा विषाणू. अमेरिकेत ओहायो राज्यातील नॉरवॉक गावच्या एका शाळेत १९६८ साली मुलांना एकाएकी उलट्या-जुलाब सुरू झाले; त्या गावावरून हे नाव पडले. १९७२ साली तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसला. शरीरात शिरल्यावर १२ ते ४८ तासांत उलट्या व ढाळ सुरू होतात आणि बहुधा एक ते तीन दिवसांत माणूस बरा होतो. यावर खास औषध नाही. हा जंतू नव्हे, विषाणू आहे. म्हणून अँटिबायोटिक गोळ्यांचा त्यावर काही उपयोग नाही. अगदी थोडे विषाणू पोटात गेले तरी पुरतात. आणि करोनाच्या काळात आपण जे सॅनिटायझर हातावर चोळत होतो, ते याच्यापुढे फारसे चालत नाही. साबण आणि वाहते पाणी यांनीच तो हातावरून जातो. दादा मोरीत एवढा वेळ का रमला होता, ते मला हे वाचल्यावर कळले.

पण मला खरे नवल वाटले ते जहाजावरच्या मोजणीचे. अमेरिकन सरकारने १९७५ साली जहाजांच्या स्वच्छतेसाठी एक खास योजना सुरू केली. त्या देशाच्या बंदरात येणाऱ्या प्रवासी जहाजाने आपल्यावरील प्रत्येक पोटाच्या रुग्णाची नोंद ठेवायची असते. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास झाले की तो रुग्ण धरायचा. प्रवाशांपैकी किंवा नोकरांपैकी २ टक्के आजारी पडले की सरकारला लगेच कळवायचे, ३ टक्के झाले की पुन्हा कळवायचे. मग साथ म्हणून ती सर्वांसाठी जाहीर होते. तपासणी अधिकारी न सांगता येतात, शंभरपैकी गुण देतात. ८५ किंवा त्याहून कमी पडले की जहाज नापास. (आमच्या विद्यापीठाने हे पाहू नये एवढीच प्रार्थना.)

त्यामुळे होते असे की जहाजावरच्या साथीच्या बातम्या वर्तमानपत्रांत सारख्या येतात आणि लोक म्हणतात, जहाज म्हणजे रोगाचे घर. प्रत्यक्षात अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या साथींपैकी जहाजावरच्या साथी अवघ्या एक टक्का आहेत. जहाजे बदनाम आहेत, कारण तेथे मोजतात.

साथ वाढू लागली की जहाजावर काय करतात, हे दादाने सांगितले ते असे. आपल्या हाताने वाढून घ्यायचे बंद, नोकर वाढतात. टेबलावरच्या मिठाच्या डब्या उचलतात. कठडे, दारांच्या मुठी, लिफ्टची बटणे क्लोरीनच्या पाण्याने दिवसातून कितीतरी वेळा पुसतात. रुग्णाला त्याच्याच खोलीत ठेवून जेवण दाराशी नेऊन देतात. स्वयंपाकघरातला माणूस आजारी पडला तर उलट्या-जुलाब थांबल्यावरही ४८ तास त्याला कामावर घेत नाहीत. प्रवासी मात्र आजार लपवतात. सफरीचे पैसे भरलेले, खोलीत कोंडून कोण घेणार? शिवाय जहाजावरच्या डॉक्टरची फी प्रवाशाच्या बिलात चढते आणि ती थोडीथोडकी नसते.

जहाजावरच्या डॉक्टरबद्दलही सांगायला हवे. २००६ च्या सागरी कामगार कराराप्रमाणे शंभर किंवा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांपेक्षा जास्त लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या जहाजावर डॉक्टर असलाच पाहिजे. भारताने हा करार २०१५ साली स्वीकारला. नोकरांना उपचार फुकट, आणि आजारपणात किमान १६ आठवडे पगार मालकाने द्यायचा. आपल्या शहापूर-मुरबाडकडे वीटभट्टीवरच्या मजुराला एक दिवस ढाळ लागले तर त्या दिवसाची मजुरी गेलीच. तोही लपवतो, पण त्याचे कारण वेगळे. जहाजावरच्या दवाखान्यात मोजक्या खाटा, सलाईन, रक्ततपासणी असते. फारच बिघडले तर पुढच्या बंदरात उतरवतात किंवा हेलिकॉप्टर बोलावतात. परंतु पोटाच्या बहुतेक रुग्णांना यातले काहीच लागत नाही. लागते ते मीठ-साखरेचे पाणी.

या पाण्याची परीक्षा झाली ती आपल्याच देशात. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत कालवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आपण त्या पुडीला जलसंजीवनी म्हणतो. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

हे मी अकरावीत असताना वाचले असते तर! त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी माझ्या धाकट्या चुलतभावाला ढाळ लागले. तो पाणी मागत होता आणि आजी म्हणत होती, "पाजू नका, पाजलं की अजून होतं." आम्ही सर्वांनी तिचे ऐकले. सायंकाळपर्यंत त्याचे डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात. जीपने दवाखान्यात नेला, सलाईन लावले, वाचला. डॉक्टर मला बाजूला घेऊन एवढेच म्हणाले, "पाणी का दिलं नाही?"

विहिरीच्या पाण्यात क्लोरीन किती उरला पाहिजे, याचा आकडा नंतर मला सापडला. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. जहाजाच्या नळालाही तोच आणि आपल्या गावालाही तोच. आपल्याकडे जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो, ओ.टी. टेस्टने पाणी पिवळे होते का पाहतो. ग्रामपंचायतीला लाल, पिवळे, हिरवे कार्डही मिळते. नियम आहेतच.

मोजणी मात्र नव्हती. पाड्याची वस्ती तीनशेच्या आतबाहेर. जहाजाच्या हिशेबाने सहाव्या रुग्णाला घंटा वाजायला हवी. भाऊ घरी आल्यावर मी घरोघर जाऊन विचारले, त्या आठवड्यात कोणाकोणाला ढाळ लागले होते. मोजता मोजता दोन्ही हातांची बोटे संपली. सर्वांत पहिली आजारी पडली होती ती विहिरीजवळच्या घरातली म्हातारी, भावाच्या आठ दिवस आधी. तिने कोणालाच सांगितले नव्हते, आणि कोणी तिला विचारलेही नव्हते.